वहीचं शेवटचं पान

आमच्या शाळेच्या भिंतीला लागून टॉवेलचा कारखाना.
दिवसभर खटक-फटक, खटक-फटक.
चौथीची पोरं पाढे त्याच तालावर म्हणतात;
वीज गेली की माग थांबतात
आणि सतराचा पाढा अडखळतो.

भिंतीच्या अलीकडे आमची बाग :
तीन वाफे, एक गळका नळ,
आणि कडेनं करडई, काटेरी,
कुणाला जवळ न करणारी.

पौषात तिच्यावर मावा पडला.
पेढ्यातला नव्हे, पानटपरीवरचाही नव्हे,
हा काळा, चिकट,
शेंड्याशेंड्याला दाटीनं बसून रस ओढणारा.
त्या गर्दीत फिरत होत्या
एवढ्या-एवढ्याशा मगरी,
राखाडी, खरबरीत, पाठीवर नारिंगी ठिगळं.

"सर, ह्या काय आहेत?"
मला माहीत नव्हतं.
पण मास्तरनं तसं म्हणायचं नसतं,
एवढं मला माहीत होतं.
म्हणालो, "कीड आहे. चिरडा."

पोरं आज्ञाधारक.
चार दिवस, डब्याच्या सुट्टीत, दगडानं, चपलेनं.
तय्यबा बागवाननं वहीच्या शेवटच्या पानावर हिशोब ठेवला :
सोमवार एकोणीस, मंगळवार चोवीस,
बुधवार एकतीस, गुरुवार चौदा.

मावा हटला नाही. वाढला.
मुंग्या वर-खाली करत राहिल्या,
गोठ्यात धारा काढायला निघाल्यासारख्या.

एक उरली होती.
पानाच्या पाठीला उलटी चिकटून,
खाईना, चालेना.
मेली, म्हणाले सगळे.
राजेश्वरी येमूल म्हणाली,
"मेलेलं असं घट्ट धरून बसत नाही."
तिनं पान देठासकट खुडलं, बरणीत ठेवलं,
शेंगाच्या चटणीची बरणी,
दोनदा धुतली तरी लसणाचा वास.

मंगळवारी, इंग्रजीच्या तासाला,
बरणीतली पाठ उकलली.
आतून निघाला ओला, पिवळा,
हरभऱ्याच्या डाळीएवढा जीव.
अंगावर एक ठिपका नाही.

"हा कच्चाच आला की," गुरुसिद्ध म्हणाला.
राजेश्वरीचे वडील सूत रंगवतात.
ती म्हणाली, "थांब की जरा. रंग लगेच दिसत नसतो.
हवा लागू दे."

थांबलो. चाळीस डोकी एका बरणीवर.
शेजारचे माग चालू होते का, आठवत नाही.
आधी राखेसारखे डाग,
मग तेच गडद, काळे,
कुणी आतून शाई सोडत असल्यासारखे.
गड्ड्याच्या जत्रेतलं दहा रुपयांचं भिंग लावून
गुरुसिद्ध मोजत होता :
एका पंखावर तीन, दुसऱ्यावर तीन,
आणि मानेपाशी एक, दोघांत अर्धा-अर्धा वाटलेला.
तांबडा मात्र सावकाश आला.
शाळा सुटली तेव्हाही तो नारिंगीच होता.

दुसऱ्या दिवशी करडईवर सोडला.
त्यानं इकडंतिकडं पाहिलं नाही.
समोरचा मावा धरला, खाल्ला.
मग शेजारचा.
मग त्याच्या शेजारचा.
डब्याच्या सुट्टीत सव्वीस.

मला सगळ्यांच्या आधी कळलं,
आणि मी सगळ्यांच्या नंतर बोललो.
त्याआधीच तय्यबानं शेवटचं पान उघडलं होतं.
बेरीज तिनं केली नव्हती आजवर.
केली. अठ्ठ्याऐंशी.
मग खाली गुणिले सव्वीस मांडलं,
आणि पेन्सिल तशीच धरून बसली.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.
वर्गात पहिल्यांदा.
कुणी हसलं नाही. कुणी रागावलंही नाही.
फक्त तय्यबानं हात पुढं केला,
तो बोटावर चढला, घाबरला, पाय मुडपून मेल्याचं सोंग घेतलं,
गुडघ्यातून पिवळा, कडवट थेंब सोडला.
तिनं हात धुतला नाही घरी जाईपर्यंत.
बोट आभाळाकडे केलं तेव्हा तो टोकापर्यंत चालत गेला,
ढाल उघडली,
आत घडी घातलेले पंख होते, ढालीहून लांब,
आणि भिंतीवरून पलीकडे गेला.

ढालकिडा. नाव मी नंतर शोधलं.

आता करडईत मगरी दिसल्या
की चौथीतले पाचवीतल्यांना दटावतात.
आणि मी काहीही शिकवायला लागलो,
पृथ्वीचं फिरणं, भागाकार, कोणतंही,
की राजेश्वरी हात वर करते :
"सर, हे माहीत आहे,
की असंच सांगताय?"